मेंढ्या बसवल्याचा दाखला

मी पोटासाठी मागते. दचकू नका, पदर पसरून नाही. पूर्वी तीन प्रतींत, सही-शिक्क्यानिशी मागत होते. आता ऑनलाइन मागते.

परभणीत वसमत रोडला आमची छोटी संस्था आहे. दोन खोल्या, मातीपरीक्षणाची एक प्रयोगशाळा, अंगणात एक लिंब आणि लिंबाखाली एक जीप, जी ढकलल्याशिवाय कुठल्याही संशोधनाला निघत नाही. शाश्वत शेतीचं संशोधन आणि शिक्षण हे संस्थेचं काम, आणि त्या कामासाठी अनुदान मिळवणं हे माझं. आमचे सर माती तपासतात, मी शब्द तपासते. सरांची माती खोटं बोलत नाही, एवढाच काय तो फरक.

बावीस वर्षं हे करूनही मी नक्की काय करते, हे घरात कुणाला कळलेलं नाही. माझ्या सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "सून कुठंतरी अर्ज लिहिते. पण तिला अजून काही लागलं नाही."

तर सांगते. कुणाला तरी एक चांगली कल्पना सुचते. कल्पनेला पैसे लागतात. ज्यांच्याकडे पैसे असतात त्यांच्याकडे कल्पना नसते, पण फॉर्म असतो. त्या फॉर्मच्या चौकटींत कल्पनेला बसवणं, हा माझा धंदा. कल्पना मोठी असेल तर तिचे पाय दुमडायचे, लहान असेल तर खाली उशी द्यायची. आमच्या गांडूळखताच्या तीन खड्ड्यांचंच बघा ना. ते आधी 'सेंद्रिय' होते, मग 'पर्यावरणपूरक' झाले, मग 'हवामान-अनुकूल' आणि हल्ली 'शाश्वत'. खड्डे तेच, गांडुळंही बहुतेक तीच. प्रगती फक्त माझ्या शब्दांची झाली.

त्याच गांडुळांवरून एकदा वरच्या ऑफिसातून फोन आला होता. ज्या ऑफिसातून अनुदान येतं त्याला आम्ही नुसतं 'वरचं ऑफिस' म्हणतो, म्हणजे नाव बदललं तरी अडत नाही. तिथला एक क्लार्क अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा आहे. नर किती, मादी किती?"

"भाऊ, गांडुळांत प्रत्येक जण दोन्ही असतो."

मग तो म्हणाला, "मग मॅडम, बेरीज दुप्पट येईल."

"येऊ द्या. शाश्वत वाढ म्हणा तिला."

त्याने खरंच तसं लिहिलं असावं, कारण तो फॉर्म परत आला नाही.

या धंद्यात मी एकच नियम छातीवर कोरून ठेवला होता: काहीही झालं तरी यादीतला 'इतर' हा पर्याय निवडायचा नाही. 'इतर'मध्ये गेलेला प्रस्ताव पुन्हा दिसत नाही. सोजरबाईंच्या मेंढ्यांचा घोळ झाला तो या नियमामुळेच.

सोजरबाई आमच्याकडे आल्या त्या तक्रार घेऊन. साठी ओलांडलेली बाई, हातात काठी, डोक्यावरून पदर आणि आवाज असा की लिंबावरचे कावळे उडाले. त्यांचं दीडशे-पावणेदोनशे मेंढरांचं खांड. दर उन्हाळ्यात पिंगळीपासून पार चुडाव्यापर्यंत शेतकरी त्यांना बोलावून न्यायचे आणि रानात मेंढरं बसवायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पीक निघालं की मोकळ्या रानात संध्याकाळी वाघूर, म्हणजे दोरीची जाळी, लावायची आणि आत मेंढरं बसवायची. सकाळी मेंढरं उठून जातात आणि मागे उरतं ते लेंडीखत. दुसऱ्या दिवशी जाळी पुढे सरकवायची. असं करत करत सगळं रान खतवून निघतं. ना ट्रॅक्टर, ना गोणी, ना दुकानदार.

"पन आता कुनी बोलवंना झालंय," सोजरबाई म्हणाल्या. "रान मोकळंच ठेवत न्हाईत. ठिबकच्या नळ्या अंथरल्यात. मेंढरू आलं की म्हनत्यात, नळ्या तुटत्यात, जा तिकडं. आन तुमी इथं खताचं शिकवायलात म्हनं पोरास्नी! मग माझी मेंढरं काय भजनाला जायलीत का?"

सर प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले होते. ते फारसं बोलत नाहीत, पण त्या दिवशी खुर्ची ओढून बाईंसमोर बसले आणि तासभर नुसतं विचारत राहिले. कुठल्या मातीत किती रात्री? पावसाआधी की नंतर? हरभऱ्याच्या रानात वेगळं का? बाई उत्तरं देत गेल्या आणि सर लिहीत गेले. शेवटी सर माझ्याकडे वळून म्हणाले, "यावर प्रस्ताव करा. आठ शेतं घेऊ. प्रत्येकात अर्ध्या रानात मेंढ्या बसवायच्या, अर्धं तसंच ठेवायचं. दोन वर्षं दोन्हीकडची माती तपासू. आणि शिकवायला या येतील."

मी सोजरबाईंना समजावून सांगितलं की शाश्वत शेतीसाठी दोन वर्षांचं अनुदान मिळू शकतं. रान मोकळं ठेवणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई आणि त्यांना बसवणुकीचे पैसे.

"शाश्वत म्हंजी?"

"म्हणजे कायम टिकणारं, मावशी."

"कायम टिकनाऱ्याला दोनच वर्सं पैसे?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही तज्ज्ञाने विचारला नव्हता.

जाताना त्या दारात थांबल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्याडम, खांड बघायला यापारी दोनदा येऊन गेलाय. ल्योक पुन्याला कंपनीत हाय, त्यो बी म्हनतोय, ईक आन ये हिकडं. यंदा जर रानं भेटली तर ठेवीन. न्हाई भेटली तर यापारी तिसऱ्यांदा आला की मी नाही म्हननार न्हाई."

म्हणजे एवढंच होतं. अनुदान आलं तर आठ रानं, आठ रानं असली तर खांड. नाहीतर खाटकाचा ट्रक.

मी कामाला लागले. प्रस्ताव असा लिहिला की माझा मलाच मोह पडला. पण पोर्टलवर 'घटकाचा प्रकार' म्हणून एक यादी उघडली: बांधकाम, खरेदी, बसवणे, प्रशिक्षण, इतर. प्रशिक्षणासाठी वेगळी ओळ होती, ती भरली. आता मेंढ्या कुठे घालू? बांधकाम नाही, खरेदी नाही. 'इतर' तर मेल्याशिवाय नाही. आणि माझ्या डोळ्यांसमोर 'बसवणे' हा शब्द नाचू लागला. आपण काय म्हणतो? मेंढ्या बसवतो! मी बोट दाबलं.

मागून सर म्हणाले, "अहो, ते पंप बसवण्यासाठी आहे."

"सर, मेंढी म्हणजे खताचा पंपच की."

सरांनी मान हलवली. मी त्याला होकार समजले.

प्रस्ताव मंजूर झाला. वरच्या ऑफिसात 'शेतात मेंढ्या बसवणे, नग एकशे साठ' हे वाचून कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत, कारण कुणी वाचलंच नसावं. नंतर मात्र पत्र आलं: 'बसवलेल्या नगांची बनावट व हमीचा कालावधी कळवावा.' मी कळवलं: 'बनावट देशी. हमीचा कालावधी निसर्गनियमानुसार.' तेही पास! तेव्हा मला वाटलं, आपल्यासारखी हुशार बाई परभणी जिल्ह्यात नाही. माणसाचा पाय घसरतो तो असं वाटतं त्या दिवशी.

पहिल्या हप्त्यात पिंगळीची तीन शेतं झाली. मारोतराव नावाच्या शेतकऱ्याचं रान सगळ्यांत पहिलं. मेंढ्या बसल्या, उठल्या, पुढे गेल्या. सरांनी मातीचे नमुने घेतले. ऊन तापायला लागलं तशी सोजरबाई मेंढरं घेऊन पाण्यासाठी येलदरी धरणाकडे निघून गेल्या. वैशाखात परत येऊन चुडाव्याकडच्या पाच शेतांत बसायचं, असं ठरलं होतं. त्या पाच शेतांचे पैसे दुसऱ्या हप्त्यात, आणि दुसरा हप्ता तपासणीनंतर.

एके दुपारी फोन वाजला. "नमस्कार. मी लांडगे बोलतोय. उद्या मेंढ्या पाहायला येतोय."

आता तुम्हीच सांगा. माझ्या मैत्रिणींना मेंढ्यांचा किस्सा सांगून मी महिनाभर हसवत होते. मला वाटलं, त्यांच्यापैकीच कुणाचा तरी नवरा. मी म्हणाले, "या ना, या! कोल्हे पण येतायत का बरोबर?"

पलीकडून अगदी सरळ आवाजात: "मॅडम, मी तपासणी अधिकारी. आडनाव लांडगे. बसवलेली मालमत्ता जागेवर आहे का ते पाहायचंय. पिंगळी, सकाळी दहा."

मी खुर्चीत बसले होते ती आणखी खाली बसले. मालमत्ता येलदरीला पाणी पीत होती. हाकत परत आणायची तर चार-पाच दिवस.

सर त्या दिवशी गावाला गेलेले. मी मारोतरावांना फोन लावला. ते जरासुद्धा गडबडले नाहीत.

"म्याडम, मेंढरं न्हाईत तर न्हाईत. आमच्या वस्तीवर तीस-पस्तीस शेळ्या हायेत. लांबून सारखंच दिसतंय. साहेब पुन्याचा हाय न्हवं? मग त्याला काय कळतंय!"

इथे माझ्यातली शहाणी बाई उठून उभी राहायला हवी होती. पण उभी राहिली ती दुसरीच. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी घोडा झाले होते. पुढचे पाय नव्हे, मागचे. दोन अंक वाकून काढले आणि शेवटी टाळी घेतली. जिने घोड्याचे मागचे पाय वठवले, तिला शेळीची मेंढी करणं काय अवघड? मी मारोतरावांना 'हो' म्हणाले नाही. 'नाही'ही म्हणाले नाही. खरं म्हणजे मी विचारलं, "पांढऱ्या किती आहेत?"

दुसऱ्या दिवशी मंच तयार होता. शेळ्या रानाच्या पार त्या टोकाला, बाभळीखाली. साहेबांची खुर्ची या टोकाला, अशी की ऊन बरोबर डोळ्यांत यावं. हातात ताकाचा पेला.

लांडगे साहेब निघाले चाळिशीचे, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, हातात फॉर्म. आडनावाचं त्यांच्यात काहीच नव्हतं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पलीकडे पाहिलं.

"मॅडम, त्यातल्या दोन मेंढ्या झाडावर चढल्यात का?"

शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून बाभळीच्या शेंगा ओरबाडत होत्या. मी म्हणाले, "देशी आहेत, सर."

"अच्छा."

त्यांनी काहीतरी लिहिलं. तेवढ्यात पाठीमागे धप्प असा आवाज झाला. वळून बघतो तर एक पांढरी शेळी साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर उभी, मान उंच करून, गॅदरिंगमध्ये मुख्य भूमिका मिळाल्यासारखी.

"ही पण देशी?" साहेबांनी विचारलं.

मारोतराव टॉवेल फिरवत धावले. "ह्यी जरा लाडाची हाय, साहेब."

लांडगे साहेबांनी पेला खाली ठेवला. "मॅडम, मी स्थापत्य अभियंता आहे. मला पंप कळतो, पूल कळतो. मेंढी कळत नाही. पण पहिलीच्या पुस्तकातल्या मेंढीला लोकर होती, एवढं आठवतं."

त्यांनी फॉर्म माझ्यासमोर धरला. एक ओळ: 'बसवलेली मालमत्ता जागेवर आहे का?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. पेनाचं टोक 'नाही'वर टेकलं.

तिथे माझं नाटक संपलं. त्या चौकोनात मला येलदरीची वाट दिसली, आणि वाटेवर तिसऱ्यांदा आलेला व्यापारी. मी हात जोडले नाहीत, आवाज कापरा केला नाही; ते सगळं मला येतं, म्हणूनच नाही केलं. जे होतं ते सांगितलं. मेंढ्या इथे खरंच बसल्या होत्या. इथून उठून येलदरीला गेल्या. शेळ्यांची अक्कल माझी. बाईंना यातलं काही ठाऊक नाही.

"म्हणजे जागेवर नाहीत," साहेब म्हणाले.

"नाहीत. 'नाही' लिहायचं तर लिहा, साहेब. पण खऱ्या मेंढ्या पाहून लिहा. दोन तासांचा रस्ता आहे."

त्यांनी घड्याळ बघितलं, बॉनेटवरचे खुरांचे ओरखडे बघितले, आणि म्हणाले, "बसा गाडीत."

दोन तास आम्ही एक शब्द बोललो नाही. माझ्यासाठी हा विक्रमच. खिडकीबाहेर बघताना मला चुडाव्याच्या बायका आठवत होत्या. फार पूर्वीची गोष्ट. ज्वारीच्या रानात तूर, मूग, अंबाडी असं सगळं मिसळून पेरायची त्यांची जुनी रीत होती, आणि तिच्यासाठी मी अनुदान आणलं होतं. फॉर्मवर 'पिकाचे नाव' या रकान्यात एकच नाव मावत होतं. मी 'ज्वारी' लिहिलं. अनुदान मिळालं, ज्वारीचं बियाणं आलं, बायकांनी नुसती ज्वारी पेरली. दोन वर्षांनी तिथे गेले तर एका म्हातारीने मला विचारलं, "बाई, तुमच्याकडं अंबाडीचं बी हाय का हो? आमच्यातलं संपलं." मी तो प्रकल्प अजून यशस्वी म्हणून अहवालात दाखवते. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या वाटलं, चौकटीत बसवताना मी आजवर काय काय कापून टाकलंय याची यादी कुणी मागितली नाही, हे माझं नशीब.

येलदरीच्या पाण्याच्या कडेला सोजरबाईंचं खांड पसरलं होतं. बाई एका दगडावर बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होत्या. मी ओळख करून दिली. "मावशी, हे तपासणीला आलेत. लांडगे साहेब."

बाईंनी मेंढी सोडली नाही. साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "लांडगे? आता एवढाच र्‍हायला व्हता."

साहेब पहिल्यांदा हसले, आणि नको तेच बोलून गेले. "पिंगळीला आम्हाला तुमच्या मेंढ्या म्हणून शेळ्या दाखवल्या."

मेंढीचा पाय सुटला. सोजरबाई उठून उभ्या राहिल्या आणि वळल्या त्या माझ्याकडे. बावीस वर्षांत अधिकाऱ्यांनी माझे कान उपटलेत, ऑडिटवाल्यांनी घाम फोडलाय, पण तसं बोलणं मी त्याआधी खाल्लं नव्हतं.

"शेळ्या? माझ्या मेंढरांच्या जागी शेळ्या हुभ्या केल्या? म्याडम, तुमच्या जागी दुसरीच बाई हुभी करून तुमच्या मालकाला दाखवली तर चालंल का?"

"चुकलं, मावशी."

"शेळी बसती का एका जागी? शेळीच्या अंगात काय वारं असतंय ते ठावं हाय का? त्वांड बी न्हाई बघितलं का तिचं!"

"गाडीवर चढली होती," साहेबांनी तेल ओतलं.

"चढंलच! शेळीच ती!"

एवढं झाल्यावर त्यांचा राग थोडा निवला. साहेबांनी फॉर्म काढला आणि जरा अजिजीनेच म्हणाले, "बाई, अडचण अशी आहे. मेंढ्या पिंगळीला बसवल्या असं कागदावर आहे. पण त्या तर इथे आहेत."

"मग?"

"मग बसवल्या कशा म्हणायच्या?"

सोजरबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "साहेब, बसवलं म्हंजी कायमचं बसवलं का? ते काय देऊळ हाय? मेंढरू एका जागी लय दिवस बसलं की रान जळतंय. मुताचा जोर लय असतो. दोन रात्री, लय झालं तर तीन. मग उठायचं. बसन्यात काय न्हाई, वेळंवर उठन्यात सारं हाय."

"पण मग पुरावा काय?"

"पुरावा त्या रानातच हाय की. तुमी गेला व्हता न्हवं? पाय दाखवा बरं."

साहेबांना कळेना. बाईंनी काठीने त्यांच्या बुटाला टोचलं. त्यांनी पाय वळवला. तळाच्या खाचांत काळ्या मातीसकट लेंड्या अडकलेल्या. बाई खाली बसल्या, एक लेंडी नखाने काढली, बोटांत चुरली, वास घेतला.

"ह्यी शेळीची. ताजी हाय, गोल हाय." ती त्यांनी माझ्याकडे बघत लांब फेकली. मग दुसरी काढली. "ह्यी बघा. चपटी. दबून बसलेली, वाळून दीड म्हैना झालेली. ह्यी माझ्या मेंढराची."

लांडगे साहेब एका पायावर उभे होते. आधाराला त्यांनी जवळच्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि ती मेंढी, खरी मेंढी असल्यामुळे, शांत उभी होती. त्यांनी तशाच अवस्थेत विचारलं, "ही माती सरांनी तपासलीय?"

"बसवलेली आणि न बसवलेली, दोन्ही," मी म्हणाले. "नमुने प्रयोगशाळेत आहेत."

त्यांनी पाय खाली टेकवला. फॉर्मकडे बराच वेळ बघितलं. "इथे 'होय' आणि 'नाही' एवढंच आहे. 'होय' खोटं आणि 'नाही'सुद्धा खोटं. शेरा काय लिहू?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे शब्दांचा तोटा नाही. पण सोजरबाई आधी बोलल्या.

"लिवा की. बसून उठली."

त्यांनी लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: 'नग बसून उठले आहेत. परिणाम जागेवर आढळला.' दोन्ही चौकोन रिकामेच राहिले. परतताना गाडीत ते मला एवढंच म्हणाले, "शेळ्यांचं लिहिलं नाही. विसरणार मात्र नाही." मी म्हणाले, "बॉनेटचं रंगकाम मी करून देते." त्यांनी करू दिलं नाही. ते अजून मनाला लागतं.

पुढचे वीस दिवस मी दर तासाला पोर्टल उघडत होते. शेरा असलेला फॉर्म म्हणजे 'इतर'चा सख्खा भाऊ. वैशाख लागला. सोजरबाई मेंढरं घेऊन चुडाव्याच्या शिवारात येऊन थांबल्या, आणि रान मिळालेलं नाही म्हणून खांड रस्त्याकडेलाच उभं. व्यापारी तिसऱ्यांदा आल्याचं त्यांनीच फोनवर सांगितलं. "त्याला म्हनलं, आठ दिस थांब. त्यो म्हनला, चार थांबतो."

तिसऱ्या दिवशी हप्ता आला. मी जीपला धक्का द्यायला अख्खं ऑफिस बाहेर काढलं. चुडाव्याला पोचले तेव्हा सोजरबाई वाघूर सोडत होत्या. मी लांबूनच ओरडले. त्यांनी मान वर केली, काठीने पहिल्या रानाकडे खूण केली आणि मेंढरं हाकली. आनंद, आभार, डोळ्यांत पाणी, असलं काही नाही. फक्त म्हणाल्या, "यापाऱ्याला फोन लावा. तुमाला गोड बोलाय येतंय."

पुढच्या वर्षी पोर्टल उघडलं तर यादीत एक नवीन ओळ होती. आधी नुसतं 'बसवणे' होतं, आता 'बसवणे (कायम)' आणि 'बसवणे (हलते)'. सरांनी ते पान छापून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलं. मातीचे निकाल कुठे लावले नाहीत, हे लावलं.

राहिला होता शिक्षणाचा भाग. त्यासाठी 'प्रशिक्षकाची शैक्षणिक पात्रता' अशी यादी: पदविका, पदवी, पदव्युत्तर, इतर. सोजरबाई शाळेच्या अंगणात गेल्या असतील तर मेंढरू शोधायला. मी बराच वेळ बोट उचलून बसले. जुनी मी असते तर काहीतरी रचलं असतं. 'पदविका, खुला अभ्यासक्रम' वगैरे. मी 'इतर' निवडलं. आयुष्यात पहिल्यांदा. दोन दिवसांनी लांडगे साहेबांचा फोन आला.

"मॅडम, 'इतर' म्हणजे काय, असं वर विचारतायत."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"लेंडी ओळखता येते, असं कळवलंय."

मंजूर झालं.

गेल्या उन्हाळ्यात मारोतरावांच्या रानात पहिला वर्ग भरला. बसवलेल्या आणि न बसवलेल्या रानाच्या मधल्या रेषेवर शेतकरी आणि कृषी पदविकेचे विद्यार्थी मिळून तीसेक जण मांडी घालून बसलेले. लांडगे साहेब निरीक्षणाला आलेले. मारोतरावांनी त्यांना खुर्ची दिली, ती बाजूला सारून तेही खाली बसले. शेळ्या त्या दिवशी बांधून ठेवल्या होत्या. मी साहेबांच्या शेजारी. सोजरबाई समोर, हातात काठी, आवाज नेहमीचा. मेंढरं कुठं बसवायची, कुठं नाही, उताराच्या रानात जाळी कशी लावायची, ओल किती असावी. तासभर कुणी हललं नाही.

मग त्यांनी एकदम काठी आपटली.

"चला, उठा सारे. लय वेळ एका जागी बसलात. रान जळंल."

सगळे हसत उठले. लांडगे साहेब उठले, मीही गुडघ्यावर हात ठेवून उठले. माझ्या साडीला मागे लेंड्या चिकटल्या होत्या. मी झटकायला हात नेला, तर सोजरबाईंनी काठी आडवी धरली.

"हितं नगं, म्याडम. हितं पुरं झालंय. तिकडं जाऊन झटका, त्या कोपऱ्यात कमी पडलंय."

मी त्या कोपऱ्यात गेले आणि साडी झटकली.